नमुना नावाचा पुरावा: तळपदे ते त्रिमितीय छपाई

१/
अंबरनाथमध्ये 'मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी' नावाचा एक सरकारी कारखाना आहे. टिटवाळ्याहून कल्याण गाठायचे, तिथे कर्जत-खोपोलीकडची गाडी पकडायची, की तासाभरात अंबरनाथ. या मार्गाने रोज ये-जा करणाऱ्या हजारो लोकांपैकी फार थोड्यांनी त्या नावातील 'प्रोटोटाइप' या शब्दापाशी थांबून विचार केला असेल. आजचा धागा या एका शब्दाविषयी, आणि विमान घडवणाऱ्यांच्या जगात त्याचा अर्थ कसा पालटत गेला याविषयी आहे.

२/
प्रोटोटाइप म्हणजे आद्यनमुना. आपण त्याला 'पहिली वस्तू' समजतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र तो वेगळा दिसतो: नमुना हा पुरावा असतो. 'हे उडेल' असे विधान अभियंता करतो, आणि नमुना त्या विधानाच्या बाजूने किंवा विरुद्ध साक्ष देतो. संगणक आणि त्रिमितीय छपाई यांनी विमानाचा आराखडा किती वेगवान केला, हे आपण रोज वाचतो. माझा प्रश्न थोडा निराळा आहे. वेग नेमका कशाला आला? नमुना घडवण्याला, की तो सिद्ध करण्याला?

३/
मराठी माणसाने हा विषय काढला की पहिले नाव शिवकर बापूजी तळपदे यांचे येते. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी 'मरुत्सखा' नावाचे मानवरहित विमान उडवले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे तेव्हा उपस्थित होते, विमान पंधराशे फूट उंच गेले, असे तपशील नंतरच्या कथनांत भरत गेले. २०१५ साली या कथेवर 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपटही आला.

४/
तळपदे ही व्यक्ती खरी, त्यांचे संस्कृत ग्रंथांचे वेड खरे आणि प्रयोगाची धडपडही खरी मानायला हरकत नाही. परंतु त्या यंत्राचा मोजमापांसह आराखडा, चाचणीची नोंद, एखादा सुटा भाग किंवा उड्डाणाचे समकालीन विश्वासार्ह वृत्त, यांपैकी काहीही अभ्यासकांसमोर आलेले नाही. म्हणून 'राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे' हा दावा इतिहास म्हणून उभा राहत नाही. हे लिहिले की प्रतिक्रियांत मला शिव्या पडतात. पडोत.

५/
या चर्चेत ओढल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचे पाहू. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्याची चिकित्सा प्रसिद्ध केली. मजकूर प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला त्या निष्कर्षापेक्षा त्यांची पद्धत अधिक मोलाची वाटते. त्यांनी ग्रंथाची टिंगल केली नाही. त्यातील आकृत्या अभियंत्याच्या आराखड्यासारख्या गांभीर्याने वाचल्या, वजन आणि उचल यांचा हिशेब मांडला, आणि हिशेब जुळत नाही एवढेच सांगितले.

६/
आता त्याच काळातले दुसरे टोक. १९०१ च्या शरद ऋतूत अमेरिकेतील डेटन गावी राइट बंधूंनी सुमारे सहा फूट लांबीची लाकडी पेटी बनवली आणि तिच्या एका टोकाला पंखा बसवला. हे त्यांचे वातविवर, म्हणजे विंड टनेल. पत्रा कापून त्यांनी पंखांचे छोटे छोटे नमुने तयार केले आणि सुमारे दोनशे आकार एकामागून एक त्या पेटीत तपासले. प्रत्येकाची नोंद ठेवली. आधीच्या संशोधकांची कोष्टके आपल्या कामाला पुरेशी भरवशाची नाहीत, हे त्यांना कळले ते या नोंदींमुळे.

७/
'रॅपिड प्रोटोटायपिंग' हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधीची ही शीघ्र नमुनानिर्मिती होय. स्वस्त नमुना, लवकर चाचणी, लेखी नोंद, पुन्हा नवा नमुना. १७ डिसेंबर १९०३ रोजी १२ सेकंदांत १२० फूट अंतर कापणारे उड्डाण झाले, त्याच्या मागे पत्र्याचे ते दोनशे तुकडे होते. डेटन आणि गिरगाव यांच्यातील खरा फरक मला बुद्धीचा वाटत नाही. तो वहीचा आहे.

८/
मराठी वैमानिकीचा अभिमान बाळगायचाच असेल तर एक भक्कम नाव आहे, आणि ते आपल्याला फारसे ठाऊक नसावे याची खंत वाटते: डॉ. विष्णू माधव घाटगे (१९०८–१९९१). जर्मनीत गटिंगन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. हवेतून जाणाऱ्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारा पातळ थर, म्हणजे सीमास्तर, ही आधुनिक वायुगतिकीची पायाभूत कल्पना १९०४ साली मांडणारे ते हे प्रांटल.

९/
१९४० च्या डिसेंबरात सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी बंगळुरात 'हिंदुस्तान एअरक्राफ्ट' ही कंपनी उभी केली. आजच्या एचएएलचे हे मूळ. घाटगे तेथे रुजू झाले आणि १९४१ साली त्यांनी दहा आसनी 'जी-१' ग्लायडरचा आराखडा केला. म्हणजे सोलापूरचे भांडवल, गटिंगनचे गणित आणि म्हैसूर संस्थानातील जागा. भारतीय विमानरचनेची सुरुवात ही अशी तीन प्रांतांतून जमली.

१०/
पुढे घाटगे यांच्या नेतृत्वाखाली 'एचटी-२' हे प्रशिक्षण विमान आकाराला आले. दोन आसने एकामागे एक, संपूर्ण धातूची बांधणी, आणि पहिले उड्डाण ऑगस्ट १९५१ मध्ये. स्वतंत्र भारतात आराखड्यापासून उड्डाणापर्यंत येथेच घडलेले हे पहिले शक्तिचलित विमान. हवाई दलाच्या वैमानिकांच्या पिढ्या त्यावर शिकल्या, आणि काही विमाने घाना या देशालाही दिली गेली.

११/
त्या काळी विमान 'काढले' जाई, तेही शब्दशः. गणिते स्लाइड रूलवर होत. आराखडा कागदावर तयार झाला की विमानाच्या वक्ररेषा पूर्ण आकारात मोठ्या फरशीवर किंवा पत्र्यावर उतरवल्या जात. जहाजबांधणीतून आलेल्या या पद्धतीला लॉफ्टिंग म्हणतात. माणसे गुडघ्यांवर बसून, लवचीक पट्ट्यांना वजने लावून, सलग वक्र आखत. मग लाकडी प्रतिकृती घडवली जाई. वैमानिकाचा पाय पॅडलपर्यंत पोहोचतो का, एका नळीच्या वाटेत दुसरी येते का, हे त्यात उतरून पाहिले जाई. एका फासळीची जागा बदलली की पुढील दहा कागद नव्याने काढावे लागत. चुकीची किंमत मनुष्यतासांत मोजली जाई, आणि म्हणून माणसे रेघ ओढण्यापूर्वी पुष्कळ विचार करीत. या संथपणाचेही काही मोल होते, असे मला वाटते.

१२/
आता माझा लाडका नमुना. १९५६ साली जर्मन अभियंते कुर्ट टँक बंगळुरात आले आणि 'एचएफ-२४ मरुत' या लढाऊ जेट विमानाचे काम सुरू झाले. जेट बनवण्याआधी त्यांनी काय बनवले असेल? त्याच आकाराचे, त्याच मापाचे संपूर्ण लाकडी विमान, इंजिनाशिवाय! 'एक्स-२४१' नावाचे हे ग्लायडर डकोटा विमानाने ओढून वर न्यायचे आणि सोडून द्यायचे. १९५९ पासून त्याची ७८ उड्डाणे झाली.

१३/
क्षणभर कल्पना करा. स्वनातीत होऊ पाहणाऱ्या लढाऊ विमानाचे लाकडी सोंग, आत बसलेला वैमानिक, आणि इंजिन नाही. हा तरंगणारा पुरावा होता. संथ गतीत विमान कसे वागते, सुकाणू किती हलके वा जड लागते, उतरताना ते कसे बसते, हे कागद सांगू शकत नव्हता. लाकूड सांगत होते. आज ज्याला 'सिम्युलेशन' म्हणतात, त्याचे हे सुतारकामातील रूप. फरक एवढाच की या सिम्युलेशनमध्ये चूक निघाली तर ती जिवंत माणसाच्या बुडाखाली निघणार होती.

१४/
मरुत जून १९६१ मध्ये उडाले. वायुगतिकीच्या दृष्टीने ते देखणे आणि निरोगी विमान होते. घात झाला तो इंजिनाने. ज्या 'ऑर्फियस बीओआर-१२' या इंजिनाच्या भरवशावर आराखडा केला होता, त्याचा विकासच ब्रिटनमध्ये थांबला. कमी शक्तीच्या 'ऑर्फियस ७०३' वर भागवावे लागले आणि विमान आपल्या क्षमतेपर्यंत कधी पोहोचलेच नाही. १४७ विमाने बनली, १९७१ च्या युद्धात लोंगेवाला परिसरात ती लढलीही. पण ७८ लाकडी उड्डाणांनी जे सिद्ध केले, ते एका परदेशी इंजिनाच्या रद्द होण्याने निकालात निघाले. हे लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटी पुन्हा लागेल.

१५/
त्याच दशकात आपल्या बाजूला काय घडत होते? टिटवाळ्याच्या फलाटासमोरून जाणारे रूळ कसाऱ्याचा घाट चढून नाशिकला जातात. नाशिकजवळच्या ओझरला १९६४ साली मिग-२१ साठी एचएएलचा कारखाना उभारण्यात आला. तेथील कामगारांचे कौशल्य निर्विवाद होते. पण आराखडा सोव्हिएत होता. परवान्यावर विमान बांधणाऱ्याला 'हे कसे करायचे' ते मिळते, 'हे असेच का' ते मिळत नाही. ते 'का' नमुन्यांच्या मोडतोडीत दडलेले असते, आणि ती मोडतोड दुसऱ्या देशात होऊन गेलेली असते.

१६/
संगणक या कथेत शिरला तो फ्रान्समार्गे. दासो या विमानकंपनीत १९७७ च्या सुमारास 'कॅटिया' या त्रिमितीय रेखनप्रणालीचा जन्म झाला. तिचा सर्वांत गाजलेला वापर म्हणजे बोइंग ७७७. संपूर्ण विमान संगणकावर रचले गेले. पूर्ण आकाराची भौतिक प्रतिकृती बांधण्याची प्रथा बोइंगने सोडली. नाकाडाचा भाग तेवढा खात्रीसाठी बांधून पाहिला. भाग एकमेकांना कुठे आपटतात हे संगणकच दाखवू लागला. १२ जून १९९४ रोजी ते विमान उडाले. लॉफ्टिंगच्या फरशीवर गुडघे टेकण्याचे दिवस तेव्हा खऱ्या अर्थाने संपले.

१७/
भारतात या बदलाचे नाव तेजस. १९८४ साली एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी, म्हणजे एडीए, स्थापन झाली. तेजसच्या सांगाड्याचा वजनाने सुमारे ४५ टक्के भाग कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थांचा आहे. हे तंतू कापडासारखे थरांवर थर, ठरलेल्या कोनांत अंथरावे लागतात. हाताने आखणे जवळजवळ अशक्य. त्यासाठी एडीएने 'ऑटोले' ही स्वतःची संगणकप्रणाली घडवली. येथे संगणक नुसता वेगवान ड्राफ्ट्समन राहिला नाही. त्याच्याशिवाय तो पदार्थ वापरताच आला नसता.

१८/
दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. तेजस हेतुपुरस्सर अस्थिर रचलेले आहे. हात सोडला तर साधे विमान स्वतःला सावरते. तेजस सावरणार नाही. संगणक अखंडपणे सुकाणू हलवून त्याला तोलून धरतो, आणि त्या बदल्यात विमान चपळ होते. याचा अर्थ असा, की विमानाचा एक अवयव आता धातूचा वा कार्बनचा नसून तो आज्ञावलीचा आहे. मग प्रश्न पडतो: आज्ञावलीचा लाकडी नमुना कसा बनवायचा?

१९/
उत्तर तीन पायऱ्यांचे होते. प्रथम संगणकावर. मग 'आयर्न बर्ड' नावाच्या जमिनीवरील लोखंडी सांगाड्यावर, ज्यात खऱ्या नळ्या, खरे पंप आणि खरे संगणक जोडलेले असतात. आणि शेवटी अमेरिकेतील 'एफ-१६ व्हिस्टा' या विशेष विमानावर, जे दुसऱ्या विमानासारखे वागण्याचे सोंग आणू शकते. तेजसचे नियंत्रणनियम आधी एका अमेरिकी विमानाच्या अंगात घालून उडवले गेले! एक्स-२४१ चे हे नवे अवतारकार्य म्हणावे.

२०/
मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने निर्बंध लादले. तेथे काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परतावे लागले आणि उर्वरित काम येथे पुरे करावे लागले. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी तेजसचे पहिले उड्डाण केले. हवाई दलाची पहिली तेजस तुकडी उभी राहिली ती १ जुलै २०१६ रोजी, केवळ दोन विमानांनिशी. पहिल्या उड्डाणापासून तुकडीपर्यंत साडेपंधरा वर्षे! या विलंबाची कारणे अनेक आहेत, सगळी गौरवास्पद नाहीत. तरी एक गोष्ट त्यातून उघड दिसते. आराखडा संगणकाने वेगवान केला म्हणून सिद्धतेचा काळ आपोआप आखूड झाला नाही.

२१/
हा केवळ आपला प्रश्न नव्हे. २००६ साली एअरबसच्या ए-३८० या महाकाय विमानाचे काम अडले, कारण तारांचे जुडगे विमानात बसेनात. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर तारा. हॅम्बुर्गचे अभियंते कॅटियाच्या चौथ्या आवृत्तीवर, तुलूझचे पाचव्या आवृत्तीवर. पडद्यावर तारा पोहोचत होत्या, विमानात त्या आखूड पडत होत्या. विमानांची सुपूर्ती सुमारे दोन वर्षे मागे गेली. जगातील सर्वांत प्रगत आराखडा, आणि जुनीच शिंप्याची अडचण: कापड कमी पडले.

२२/
अभिलेखागारात बसणाऱ्यांनी या प्रसंगाकडे जरा अधिक काळजीने पाहावे. दोन आवृत्त्या एकाच वर्षी एकमेकींची भाषा नीट समजू शकल्या नाहीत. पन्नास वर्षांनी एखादा संशोधक ती फाइल उघडू पाहील तेव्हा? मोडीतील कागद वाचायला आपण महिन्याभरात शिकतो, कारण कागद निदान डोळ्यांना दिसतो.

२३/
आता त्रिमितीय छपाई. चक हल या अमेरिकी अभियंत्याने १९८४ साली प्रकाशाने द्रवाचे थर घट्ट करण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. सुरुवातीस हे यंत्र केवळ नमुन्यांसाठी होते. 'रॅपिड प्रोटोटायपिंग' हा शब्द रुजला तो या यंत्रांमुळे. प्लास्टिकचा ठोकळा हातात घेऊन पाहायचा आणि फेकून द्यायचा. पुढे धातूची भुकटी लेसरने वितळवून थरावर थर चढवणे साधले, आणि नमुना व खरा भाग यांच्यातील सीमारेषा पुसट झाली. जो नमुना, तोच भाग.

२४/
आपल्या देशातील सर्वांत बोलके उदाहरण पाहा. पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्याचे इंजिन पूर्वी घडीव दांड्या व पत्रे कापून, तासून, सांधून बनत असे. इस्रोने ते छपाईसाठी नव्याने रचले. छपाई विप्रो थ्रीडीने केली. १४ भागांचा एक भाग झाला आणि १९ वेल्डिंगचे सांधे नाहीसे झाले. एका इंजिनामागे ५६५ किलो कच्चा धातू लागे, तेथे १३.७ किलो भुकटी पुरली. निर्मितीचा काळ ६० टक्क्यांनी घटला. ९ मे २०२४ रोजी महेंद्रगिरी येथे हे इंजिन सलग ६६५ सेकंद चालवून तपासले गेले. त्याच महिन्यात, ३० मे रोजी, चेन्नईच्या अग्निकुल या तरुण कंपनीने एकसंध छापलेल्या इंजिनावर श्रीहरिकोट्याहून आपले यान उडवले. त्यापूर्वी त्यांचे चार प्रयत्न रद्द झाले होते.

२५/
५६५ विरुद्ध १३.७ हा आकडा डोळे दिपवतो. परंतु त्याच वाक्यातील १९ सांध्यांकडे परत या. सांधा ही कमकुवत जागा खरी, पण ती तपासता येणारी जागा होती. निरीक्षकाला ठाऊक असे की बिघाड शोधायचा तर येथे. छापलेल्या इंजिनात दोष असलाच तर तो कुठल्याही थराच्या आत, डोळ्याआड, एखाद्या सूक्ष्म पोकळीच्या रूपात असू शकतो. म्हणून क्ष-किरणांनी आरपार पाहावे लागते. भुकटी कोणत्या घाणीतून आली, लेसरची शक्ती किती होती, याची नोंद थरागणिक ठेवावी लागते. राइट बंधूंची वही येथे परत येते, फक्त तिची पाने आता हजारोंनी वाढली आहेत.

२६/
मुंबईकडे येऊ. कांदिवलीच्या चारकोप भागात कॅप्टन अमोल यादव यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, हे तुम्ही वाचले असेल. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी मिळाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. बातम्यांनी यात जिद्दी माणूस आणि निगरगट्ट कचेरी अशी गोष्ट पाहिली. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गच्चीवर एकट्याने विमान बांधता येते, एवढी साधने व माहिती आज सामान्य माणसाच्या आवाक्यात आली आहे. पण 'हे सुरक्षित आहे' हे दुसऱ्याला पटवण्याची पद्धत अजून मोठ्या कारखान्यांच्याच मापाची आहे. कचेरीची दिरंगाई निंद्य; कचेरीचा प्रश्न मात्र रास्त. खाली वस्ती असते.

२७/
याच्या उलट उदाहरण नवी मुंबईचे. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ साली स्थापलेल्या आयडियाफोर्जचे ड्रोन 'थ्री इडियट्स' चित्रपटात आपण सर्वांनी पाहिले आहे. वैमानिकरहित लहान यंत्र कोसळले तर माणूस मरत नाही, दुसरे बनवता येते. म्हणून शीघ्र नमुन्याचा पुरेपूर लाभ आधी ड्रोनवाल्यांना झाला. नमुना जितका स्वस्तात मोडता येतो तितके शिकणे वेगवान होते; प्रवासी विमानाला ही चैन नाही.

२८/
आणि शेवटी पुन्हा ओझर. ज्या कारखान्याने दुसऱ्यांच्या आराखड्यांवर मिग आणि सुखोई बांधली, तेथे तेजसची नवी उत्पादनरेषा सुरू झाली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथील पहिले तेजस एमके-१ए आकाशात गेले. ६१ वर्षांनी नाशिकच्या जमिनीवरून भारतीय आराखड्याचे लढाऊ विमान उडाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अशा ८३ विमानांचा करार झाला होता आणि पहिली विमाने २०२४ मध्ये हवाई दलाला मिळायची होती. ती त्या वर्षी मिळाली नाहीत. कारणे एकाहून अधिक होती. त्यांतील एक ठळक कारण असे, की अमेरिकेहून यायच्या 'एफ-४०४' इंजिनांपैकी पहिले इंजिन मार्च २०२५ उजाडेपर्यंत आलेच नव्हते.

चौदावा भाग पुन्हा वाचा. पुढील धागा कावेरी इंजिनावर.